बाटलीतला अंड्याचा पांढरा भाग न शिजवता पिणे: त्यातली प्रथिने खरोखर अंगी लागतात का?

प्रश्न

गेले चार महिने मी बाटलीत मिळणारा अंड्याचा द्रवरूप पांढरा भाग रोज दोन वेळा थेट पीत आहे: एक पेला सकाळी उठल्यावर आणि एक संध्याकाळच्या व्यायामानंतर. पेला २४० मिलिलिटरचा आहे. बाटलीवरील तक्त्यानुसार त्यातून साधारण २६ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १२५ कॅलरी मिळतात, चरबी जवळजवळ नाहीच. माझे वजन ७० किलो आहे, आठवड्यातून चार दिवस मी वजने उचलतो आणि दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जावीत असा माझा प्रयत्न असतो. सकाळी लवकर बाहेर पडावे लागत असल्यामुळे स्वयंपाकाला सवड मिळत नाही, त्यामुळे बाटली उघडून पेला भरणे आणि पिऊन टाकणे ही सोय मला फार मोलाची वाटते. चव फारशी जाणवत नाही आणि भांडीही घासावी लागत नाहीत.

परंतु दोन गोष्टींमुळे मी अस्वस्थ झालो आहे. पहिली म्हणजे माझे पोट. दुसऱ्या महिन्यापासून ते दुपारी फुगलेले असते आणि वायूला उग्र वास येतो. हा त्रास मला पूर्वी कधीच नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे व्यायामशाळेतील एका अनुभवी व्यक्तीने मला सांगितले की कच्चा पांढरा भाग अर्धासुद्धा पचत नाही आणि पुढे केस गळू लागतात. बाटलीवर ‘पाश्चराइज्ड’ असे ठळक छापलेले असताना त्याला कच्चा म्हणता येईल का, हे मला ठरवता येत नाही. पाश्चरीकरणात उष्णता दिली जाते, मग शिजवण्याने होणारे सगळे फायदे त्यातच मिळत नाहीत का? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

मी अनेक वर्षे अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. पाश्चरीकरण आणि शिजवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या बाबतीत तर पाश्चरीकरण मुद्दाम अशा बेताने केले जाते की तो शिजू नये.

पांढऱ्या भागातले ओव्होट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन सुमारे ६१ अंश सेल्सियसला विस्कटू लागते आणि तिथपासून द्रव गढूळ व घट्ट व्हायला लागतो. त्यामुळे कारखान्यात पांढऱ्या भागाला त्याहून कमी तापमान द्यावे लागते. अमेरिकेतील पूर्वीच्या नियमांत साध्या पांढऱ्या भागासाठी ५६.७ अंशांवर साडेतीन मिनिटे हे प्रमाण होते, तर पिवळ्या बलकासह फेटलेल्या अख्ख्या अंड्यासाठी ६० अंशांवर साडेतीन मिनिटे. एवढ्या उष्णतेने साल्मोनेलासारखे रोगजंतू मरतात, आणि हाच त्या प्रक्रियेचा एकमेव हेतू आहे. पांढऱ्या भागातील निम्म्याहून अधिक प्रथिन ओव्हाल्ब्युमिन या प्रकारचे असते आणि त्याची घडी मोडायला साधारण ८० अंशांपर्यंत जावे लागते. म्हणजे बाटलीतून आपण पेल्यात ओतता तेव्हा त्यातले मुख्य प्रथिन कोंबडीने घातलेल्या अंड्यात होते तसेच घट्ट गुंडाळलेले असते. याची खूण डोळ्यांनीही पाहता येते: उष्णतेने प्रथिनांच्या साखळ्या उलगडून एकमेकींत गुंतल्या की पांढरा भाग अपारदर्शक आणि घट्ट होतो, आणि आपल्या पेल्यातला द्रव तर वाहता आहे. जंतूंच्या दृष्टीने तो सुरक्षित केलेला आहे, पचनाच्या दृष्टीने तो कच्चाच आहे.

आता पचनाचा मुद्दा. १९९८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अशा पाच व्यक्ती निवडल्या ज्यांच्या लहान आतड्याचे टोक शस्त्रक्रियेने पोटाबाहेर काढलेले होते, त्यामुळे लहान आतड्याच्या शेवटी किती प्रथिन न पचता उरले हे थेट मोजता आले. त्यांना २५ ग्रॅम अंड्याचे प्रथिन एकदा शिजवून आणि एकदा कच्चे दिले. शिजवलेल्यापैकी सुमारे ९१ टक्के पचले, तर कच्च्यापैकी सुमारे ५१ टक्केच. सहभागी फक्त पाच होते आणि कच्च्याचे आकडे व्यक्तीगणिक बरेच बदलत होते, हे मान्य करून हा आकडा वाचावा. तरीही इतकी मोठी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पाचक रसातील विकरांना प्रथिनाची साखळी कापायची तर ती आधी उलगडलेली हवी, आणि हे उलगडण्याचे काम चुलीवरची उष्णता पोटापेक्षा फार चांगले करते. शिवाय पांढऱ्या भागात ओव्होम्युकॉइडसारखी, विकरांच्या कामात अडथळा आणू शकणारी प्रथिनेही असतात.

याच आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला, तर २६ ग्रॅमच्या पेल्यातून शिजवल्यास २३ ते २४ ग्रॅम प्रथिने पचतील आणि न शिजवल्यास १३ ग्रॅमच्या आसपास. दोन पेल्यांत हा फरक २० ग्रॅमचा होतो. न पचलेले प्रथिन पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू ते कुजवतात. अंड्याच्या पांढऱ्या भागात गंधकयुक्त अमिनो आम्ले (ज्या घटकांपासून प्रथिने बनतात ते) भरपूर असल्यामुळे त्यातून निघणाऱ्या वायूला जो वास येतो, तो आपण वर्णन केलेल्या वासाशी जुळतो. आपल्या पोटाचे निदान मी इथे बसून करू शकत नाही, पण दोन आठवडे तोच पांढरा भाग शिजवून खाऊन पाहिल्यास उत्तर आपल्यालाच मिळेल.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन उत्तम आहे, पण त्यातून ‘कच्चे पिणे म्हणजे निम्मा व्यायाम वाया’ असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून एक गोष्ट जोडावीशी वाटते. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ४५ निरोगी तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. वजनांच्या व्यायामानंतर काहींना पाच कच्ची अंडी, काहींना पाच उकडलेली अंडी आणि उरलेल्यांना प्रथिने कमी असलेली न्याहारी देण्यात आली. उकडलेल्या अंड्यांनंतर रक्तातील आवश्यक अमिनो आम्लांची सर्वोच्च पातळी सुमारे २० टक्क्यांनी अधिक वाढली, म्हणजे पचनातला फरक तिथेही दिसला. मात्र त्यानंतरच्या काही तासांत स्नायूंमध्ये नवे प्रथिन तयार होण्याचा वेग कच्च्या आणि उकडलेल्या गटांत वेगळा आढळला नाही. मी स्वतः अनेक वर्षे वजने उचलतो आणि माझ्या मते दिवसभरातली एकूण प्रथिने पुरेशी असतील तर एका पेल्यातल्या दहा ग्रॅमांनी आकाश कोसळत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

हा प्रयोग मलाही महत्त्वाचा वाटतो आणि आपण तो इथे आणलात याचा आनंद आहे. परंतु त्यात अख्खी अंडी होती, एकाच वेळी ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने दिली होती आणि मोजमाप एकाच व्यायामानंतरच्या काही तासांचे होते. प्रश्नकर्ते रोजच्या ११० ग्रॅमांपैकी जवळजवळ निम्मी प्रथिने याच एका मार्गाने घेत आहेत आणि शिवाय त्यांना पोटाचा त्रास होत आहे. त्यांच्यासाठी पचनाचा प्रश्न मला अधिक वजनदार वाटतो.

तिसरा प्रतिसाद

मी आहारशास्त्राची पदवीधर आहे आणि केस गळण्याच्या मुद्द्यावर लिहू इच्छिते, कारण त्यावर बहुधा एकतर नुसती भीती घातली जाते किंवा तो हसण्यावारी नेला जातो.

पांढऱ्या भागात अ‍ॅव्हिडिन नावाचे प्रथिन असते. त्याचे प्रमाण अगदी थोडे, एकूण प्रथिनांच्या सुमारे ०.०५ टक्के असते, पण ते बायोटिन या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाला इतके घट्ट धरून ठेवते की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही आणि दोन्ही मिळून शरीराबाहेर जातात. १९२७ मध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने कच्च्या पांढऱ्या भागावर वाढवलेल्या उंदरांची कातडी आणि केस बिघडल्याची नोंद केली होती, आणि त्यामागचे कारण पुढे १९४० च्या सुमारास अ‍ॅव्हिडिन वेगळे काढल्यावर उलगडले. १९४२ मध्ये चार स्वयंसेवकांना अशा आहारावर ठेवण्यात आले ज्यात सुमारे ३० टक्के कॅलरी न शिजवलेल्या पांढऱ्या भागातून येत होत्या. काही आठवड्यांतच त्यांची त्वचा खपल्या पडून सोलवटू लागली, पुढे थकवा, उदासी आणि स्नायूंचे दुखणे सुरू झाले, आणि बायोटिनची इंजेक्शने दिल्यावर सर्व लक्षणे मावळली.

आपले दोन पेले म्हणजे सुमारे २५० कॅलरी होतात. व्यायाम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या आहारात हा वाटा साधारण दहा टक्के येईल, म्हणजे त्या प्रयोगातल्या प्रमाणाच्या एक तृतीयांश. म्हणून उद्या सकाळी केस हातात येतील अशी धास्ती घेऊ नये. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. अ‍ॅव्हिडिनचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू धरतो. त्यावरून कागदावर हिशेब केला तर ५२ ग्रॅम प्रथिनांबरोबर येणारे अ‍ॅव्हिडिन साडेतीनशे मायक्रोग्रॅमहून अधिक बायोटिन अडकवू शकते, आणि प्रौढ माणसाला दिवसाला पुरेसे मानलेले बायोटिन फक्त ३० मायक्रोग्रॅम आहे. प्रत्यक्षात अ‍ॅव्हिडिनची गाठ प्रामुख्याने त्याच सुमारास पोटात असलेल्या अन्नातील बायोटिनशी पडते, त्यामुळे हिशेब इतका सरळ लागत नाही. तरीही हाच क्रम महिनोन्‌महिने दोन वेळा चालू ठेवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. डोळे, नाक आणि तोंड यांभोवती लालसर खपल्या येणे, केस विरळ होणे, हातापायांना मुंग्या येणे यांपैकी काही दिसले, तर डॉक्टरांना भेटताना या सवयीचा उल्लेख अवश्य करावा.

पाश्चरीकरणाने अ‍ॅव्हिडिन निकामी होत नाही. बायोटिन न धरलेले अ‍ॅव्हिडिन मोडायला सुमारे ८५ अंश तापमान लागते, म्हणून पांढरा भाग नुसता कोमट करून भागत नाही, तो नीट शिजवावा लागतो. यावर उपाय म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, कारण त्या थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकवू शकतात; २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत जाहीर इशारा दिला होता.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. ‘पाश्चराइज्ड’ या एका शब्दाचा मी किती चुकीचा अर्थ घेतला होता हे आता लक्षात आले. माझ्या आणखी दोन शंका आहेत. बाटली संपल्यावर कधी कधी मी घरीच अंडी फोडून पांढरा भाग वेगळा करून पितो. त्यात काही वेगळे आहे का? आणि शिजवायचेच झाले तर सोय जाते. कमीत कमी वेळात हे कसे करता येईल?

चौथा प्रतिसाद

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे: घरी फोडलेल्या अंड्याचा पांढरा भाग न शिजवता पिणे आजपासूनच थांबवावे. साल्मोनेलाची एक जात कोंबडीच्या अंडाशयातच शिरते, त्यामुळे कवच स्वच्छ आणि अखंड असूनही अंड्याच्या आत जंतू असू शकतात. असे अंडे क्वचित सापडते हे खरे, पण आपण एका पेल्यासाठी सात-आठ अंडी फोडता आणि हे वारंवार करता. बाटलीतल्या द्रवाने निदान हा एक धोका दूर केलेला असतो. घरच्या अंड्यात पचनाची अडचण तशीच राहते आणि वर जंतूंची भर पडते. घरात गरोदर स्त्री, लहान मूल, वयस्कर व्यक्ती किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तर त्यांना तर असे काही चाखायलाही देऊ नये.

दुसऱ्या शंकेबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी बाटलीतला पांढरा भाग ओट्समध्ये शिजवतो. ओट्स पाण्यात किंवा दुधात शिजत आले की आच मंद करायची, पांढरा भाग बारीक धारेने ओतायचा आणि ओतताना हात न थांबवता ढवळत राहायचे. एकदम ओतला किंवा आच मोठी ठेवली तर त्याच्या गुठळ्या होतात आणि खाताना त्या रबरासारख्या लागतात. धीराने ढवळल्यास तो ओट्समध्ये पूर्ण मिसळून जातो आणि सगळ्याला दाटपणा येतो. नंतर तीन-चार मिनिटे मंद आचेवर खदखदू द्यायचे. पहिल्या आठवड्यात माझ्याही गुठळ्याच झाल्या, पण नंतर हात बसला. मायक्रोवेव्ह वापरायचा असेल तर खोलगट भांड्यात अर्ध्याच उंचीपर्यंत भरावे, कारण हा द्रव फुगून वर येतो, आणि दर अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून ढवळावा. कुठेही पारदर्शक द्रव उरला नाही की तो खाण्यास तयार झाला. एवढ्याला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

साठवणुकीविषयीही लिहितो, कारण लोक तिथे निष्काळजी राहतात. पाश्चरीकरणाने सगळेच जंतू संपत नाहीत. बाटली उघडल्यावर तीन दिवसांच्या आत संपवणे चांगले, आणि बाटलीवर त्याहून कमी मुदत दिलेली असेल तर तीच पाळावी. बाटलीला तोंड लावून पिऊ नये. पांढरा भाग गोठवून ठेवता येतो, मात्र तो फ्रिजमध्येच वितळू द्यावा, ओट्यावर ठेवून नव्हे.

तिसऱ्या प्रतिसादकाची पुरवणी

एक राहून गेले. प्रथिने शिजवून मिळू लागली तरी केवळ पांढऱ्या भागावर इतका भर का, याचाही विचार करावा. ‘ड’ जीवनसत्त्व, ‘अ’ जीवनसत्त्व, कोलीन, बहुतेक सगळे ‘ब-१२’ आणि स्वतः बायोटिनसुद्धा पिवळ्या बलकात असते. मोठ्या अंड्यातली जवळजवळ ४० टक्के प्रथिनेही बलकातच असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा तरुण पुरुषांना व्यायामानंतर १८ ग्रॅम प्रथिने एकदा अख्ख्या अंड्यांतून आणि एकदा फक्त पांढऱ्या भागातून दिली, तेव्हा अख्ख्या अंड्यांनंतर स्नायूंतील प्रथिननिर्मिती अधिक झाली. डॉक्टरांनी काही कारणाने बलक वर्ज्य केला नसेल तर रोज एक-दोन अख्खी अंडी आणि उरलेली गरज पांढऱ्या भागातून, ही रचना मला अधिक योग्य वाटते.

मात्र केवळ पांढरा भागच हवा अशीही एक अवस्था असते. डायलिसिसवरील रुग्णांना प्रथिने भरपूर लागतात, पण फॉस्फरस टाळावा लागतो. १०० ग्रॅम पांढऱ्या भागात फॉस्फरस सुमारे १५ मिलिग्रॅम, तर तेवढ्याच बलकात तो ३९० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा १३ रुग्णांनी सहा आठवडे रोजच्या एका जेवणातील मांसाऐवजी पाश्चराइज्ड द्रवरूप पांढरा भाग घेतला आणि त्यांच्या रक्तातील फॉस्फरस कमी झाला. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत पण डायलिसिस सुरू नाही, त्यांनी मात्र याचा आधार घेऊन प्रथिने वाढवू नयेत. त्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवलेले असले पाहिजे.

प्रश्नकर्ता

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. सकाळचा पेला आता ओट्समध्ये शिजवून खातो, संध्याकाळी दोन अख्खी अंडी आणि थोडा पांढरा भाग तव्यावर शिजवतो. पोटाचा फुगारा पहिल्या आठवड्यातच कमी झाला आणि आता जवळजवळ राहिलेला नाही. ज्या त्रासाला मी व्यायामाचा शीण समजत होतो तो रोजच्या पेल्यातून येत होता, हे समजल्यावर मोठे ओझे उतरले. सकाळी सात-आठ मिनिटे लवकर उठावे लागते, एवढाच बदल. रात्रीच शिजवून ठेवले तर सकाळी खाता येईल का?

चौथा प्रतिसाद

हे वाचून फार बरे वाटले. होय, रात्री शिजवून ठेवता येते. शिजल्यावर दोन तासांच्या आत झाकणाच्या उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे, खोल भांड्यात ते आतून लवकर थंड होत नाही. असे शिजवलेले तीन दिवसांपर्यंत चालते. सकाळी थोडे पाणी किंवा दूध घालून वाफ येईपर्यंत गरम करावे, कारण थंड झाल्यावर ते बरेच घट्ट होते.